कणानं कधी फुगावं

ही गोष्ट मी लहान लहान तुकड्यांत सांगणार आहे. हा नियम बायकोचा. तिचं म्हणणं असं, की मी सलग दहा-बारा वाक्यं बोललो की गोष्टीचं रूप पालटतं, आणि पालटलेल्या रूपात दर वेळी मीच नायक निघतो.

तिचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, हे मला मान्य करावं लागतं. ते शास्त्र तिला मीच शिकवलं.

मध्यम

दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दातांची लॅब आहे. डॉक्टर मंडळी पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवतात, आम्ही कॅप आणि ब्रिज करून देतो. बायको संगणकावर दाताचा आकार काढते. दादाचं मशीन खडूसारख्या पांढऱ्या वडीतून तो कोरतं. मग तो माझ्याकडे येतो. मी भट्टीवाला.

कोरलेला दात हवा त्याहून पाव हिश्शानं मोठा असतो आणि नखानं ओरखडा निघेल इतका कच्चा. भट्टीत तो आकसतो, घट्ट होतो आणि जन्मभर चावायला तयार होऊन बाहेर येतो. मी या लॅबमध्ये आलो तेव्हा मीसुद्धा पाव हिश्शानं मोठाच होतो. मला मात्र कोणी भट्टीत घातलं नाही.

बारीक

सासूबाई जिन्यावरून पडल्या. हातात क्लॅरिनेटची पेटी होती. पडताना माणूस हात पुढे टाकतो. यांनी पेटी छातीशी धरली आणि तोंड पुढे टाकलं.

क्लॅरिनेटला ओरखडासुद्धा नाही. वरचे मधले दोन दात गेले, त्यांच्या शेजारच्या दोघांचे खुंट उरले.

"पेटी सोडायची ना गं आई," बायको दवाखान्यात म्हणाली.

"दात तुम्ही करता," त्या रुमालाआडून म्हणाल्या. "क्लॅरिनेट करतं का कोणी घरात?"

बारीक

क्लॅरिनेटचं तोंड वाजवणाऱ्याच्या वरच्या पुढच्या दातांवर टेकतं. दात नाहीत तर सूर नाही. सासूबाईंच्या हौशी वाद्यवृंदाचा कार्यक्रम जवळ आला होता, आणि संचालकांनी अतिशय गोड आवाजात त्यांना "या खेपेला आराम करा" असं सुचवलं होतं. सासूबाईंना त्या गोड आवाजाचा अर्थ बरोबर कळला. त्यांच्या वयात खुर्ची एकदा सोडली की तिच्यावर दुसरं कोणीतरी बसतं, आणि ते उठत नाही.

म्हणजे प्रश्न चार दातांचा होता, आणि खुर्चीचा.

मध्यम

सासूबाई मला 'पावडरवाले' म्हणतात. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा त्यांनी सहज विचारलं होतं, "आपण करता काय?" मी तेव्हा झिरकोनिया नावाच्या पांढऱ्या पावडरीच्या कणांवर संशोधन करत होतो. मी उत्तर द्यायला लागलो. चहा गार झाला, बिस्किटं संपली, एक काका उठून गेले, दुसऱ्यांना डुलकी लागली. शेवटी सासूबाई मुलीकडे वळून म्हणाल्या, "पावडर विकतात, असं सांगू का लोकांना?"

संशोधन पुढे अर्ध्यात राहिलं. नाव पूर्ण टिकलं.

मध्यम, पण गरजेचा

त्या दिवशी जे सांगत होतो ते खरं तर एवढंच.

लॅबमधल्या वड्या याच झिरकोनियाच्या. त्याच्या कणाला दोन रूपं असतात. एक तापलेल्या अवस्थेतलं, आटोपशीर. दुसरं थंड झाल्यावरचं, ऐसपैस. गार झाल्यावर त्यानं हातपाय पसरायला हवेत, निसर्गाचं तसंच म्हणणं असतं. पण कण फार लहान असला तर त्यात आतलं कमी आणि बाहेरचं जास्त. बाहेरची बाजू राखायला ऊर्जा लागते, आणि आटोपशीर रूपात ती कमी लागते. त्यातून शेजारी दाटीवाटीनं बसलेले असतील आणि दुसऱ्या एका मातीची चिमूट मिसळलेली असेल, तर तो लहान कण गार झाल्यावरही तापलेलंच रूप धरून बसतो. मोठा झाला की धरवत नाही. फुगतो. फुगतो म्हणजे शंभरात चार-पाच भाग, पण दगडाला तेवढंही सोसत नाही. चिरा पडतात.

आता खरी गंमत. दाताला तडा जाऊ लागला, तर तड्याच्या टोकाशी असलेले लहान कण नेमके त्या वेळी फुगतात आणि तड्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. तडा तिथंच थांबतो. तेव्हा फुगणं वाईट नाही. आधीच फुगून बसणं वाईट.

हे सगळं मला पाठ होतं, हे मुद्दाम सांगून ठेवतो. पुढे मी जे केलं ते अज्ञानातून केलं असं कोणाला वाटू नये. अज्ञानाला माफी असते.

बारीक

भट्टीच्या दारावर एक तक्ता चिकटवलेला आहे. किती तापवायचं, किती वेळ ठेवायचं, किती सावकाश गार करायचं. तक्ता वडी बनवणाऱ्यांचा. त्याखाली दादानं जाड पेनानं लिहिलंय : हात लावू नये.

कोणी हात लावू नये ते लिहिलेलं नाही. लॅबमध्ये भट्टीला हात लावणारा माणूस एकच आहे.

बारीक

तक्त्याप्रमाणे सासूबाईंचा चार दातांचा ब्रिज केला. पक्का. हातोडीनं ठोकला तरी हसेल असा. पण निर्जीव. शाळेच्या फळ्याजवळ सांडलेल्या खडूचा रंग. लहान लहान कण, प्रत्येक दोन कणांमध्ये एक कुंपण, आणि प्रत्येक कुंपणाशी थोडा थोडा उजेड अडतो.

कण वाढू दिले तर कुंपणं कमी होतात. उजेड आत शिरतो. दात जिवंत दिसतो.

फुगलेला

त्या दुपारी मी भट्टीसमोर उभा राहिलो. आत ज्वाळांचं तांडव चाललं होतं, आणि माझ्याही अंतरंगात. तक्ते हे भित्र्यांसाठी असतात, हे सत्य मला त्या क्षणी लख्ख उमगलं. जगात ज्यांनी ज्यांनी काही घडवलं त्यांनी तक्त्यांकडे कधी पाहिलं होतं का? माझ्या डोळ्यांपुढे रंगमंच उभा राहिला, त्यावर एकच प्रकाशझोत, त्या झोतात सासूबाई, त्यांच्या ओठांआड मोत्यांची ओळ, आणि अंधाऱ्या प्रेक्षागृहातून उमटणारा एकच अस्फुट उद्गार : हे कोणाच्या हातचं

थांबतो. तुकडा मोठा झाला. बघा, पालटलं रूप.

तोच, पुन्हा दळून

मी तक्त्यातले आकडे वाढवले. मला सासूबाईंच्या तोंडून 'छान' ऐकायचं होतं.

भट्टीत ज्वाळा नसतात. ती विजेची आहे.

मध्यम

दोन्ही ब्रिज ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवले. एक तक्त्याचा, एक माझा. माझा खिडकीतला उजेड पिऊन बसला होता. कडेला निळसर झाक, मध्ये उबदार. खऱ्या दातालाही लाज वाटली असती.

"अरे, हा एवढा जिवंत कसा काय?" दादानं तो बोटावर घेऊन विचारलं. "आकार तर तोच आहे."

"वडी वेगळी होती," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. माझं वाक्य इतकं लहान होतं, की तिला ते खरं वाटलं.

बारीक

डॉक्टरीणबाईंनी तो ब्रिज आधी कच्च्या सिमेंटनं बसवला. आठवडाभर वापरून बघायचा, जमला तर पक्का करायचा, अशी त्यांची पद्धत.

सासूबाईंनी आरशात पाहिलं. ओठ वर करून पाहिलं, मान वळवून पाहिलं, हसू न आणता दात दाखवून पाहिले.

"छान," त्या म्हणाल्या. मग आरसा खाली ठेवून, "जावईबापू, छान."

जावईबापू! घरी जाताना रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे मी दयेनं पाहत होतो.

मध्यम

आता मला शंका आली म्हणून मी चाचणी घेतली, असं सांगितलं तर बरं दिसेल. शंका बिंका काही नव्हती. मला दादाचा तक्ता काढून तिथे माझा लावायचा होता, आणि त्यासाठी पुरावा हवा होता.

तोंडात काय असतं? ऊब आणि ओल. या दोघी मिळून कणाला फुगायची फूस लावतात, सावकाश, वर्षानुवर्षं. तेच लवकर पाहायचं असेल तर दात वाफेत ठेवायचा. वाफेतला तास म्हणजे तोंडातलं वरीस, असा ढोबळ हिशेब. डॉक्टरीणबाईंकडे हत्यारं उकळायचं वाफेचं यंत्र होतं, पण ते मागितलं असतं तर कशाला ते सांगावं लागलं असतं. घरी कुकर होता. प्रत्येक ब्रिजबरोबर त्याच वडीची एक उरलेली पट्टी मी भाजून ठेवतो. तक्त्याची एक पट्टी आणि माझी एक, अशा दोन्ही जाळीवर ठेवून मी कुकर लावला.

दुपारी बायको घरी आली.

"अजून कुकर? काय शिजतंय एवढं?"

"पट्ट्या."

"कसल्या?"

"दाताच्या."

ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. "कोणाच्या दाताच्या?"

"आईंच्या. म्हणजे त्याच वडीच्या."

"आणि शिटीतून बटाट्याचा वास येतोय तो?"

"खालच्या भांड्यात लावलेत. गॅस वाया जायला नको."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

बटाट्यांचं काय झालं ते विचारू नका. त्यांचं रूप पालटण्यामागे फार शास्त्र नव्हतं.

बारीक

झाकण काढलं. तक्त्याची पट्टी होती तशीच होती, खडूसारखी, मख्ख. तिच्यावर पेनाची शाई फासली आणि पुसली. गेली.

माझी पट्टी निस्तेज झाली होती. नख फिरवलं तर नख अडत होतं. शाई फासली, पुसली, पुन्हा पुसली, साबण लावून पुसली.

राहिली. बारीक जाळी, वाळलेल्या चिखलावर असते तशी.

बारीक

"म्हणजे काय?" बायकोनं विचारलं.

मी सांगितलं. वडी वेगळी नव्हती, आकडे वेगळे होते. कण मोठे झालेत. आज चकाकतात, पुढे खरखरीत होतील, आणि एक दिवस ब्रिज उकलेल. तोवर तो पक्क्या सिमेंटनं बसलेला असेल. मग तो कापून काढावा लागेल, आणि कापताना खालचे खुंट गेले तर त्यावर पुन्हा काही बसणार नाही.

"म्हणजे क्लॅरिनेट बंद."

"हो."

"पक्का कधी बसवणार आहेत?"

"उद्या दुपारी."

तिनं शाईच्या जाळीवरून स्वतःचं नख फिरवलं. "तू सांगायचंस. मी सांगितलं तर आई म्हणेल, नवऱ्याचं कौतुक झालेलं हिला बघवलं नाही."

मध्यम

सांगायला म्हणून त्याच संध्याकाळी तालमीला गेलो. घडीच्या खुर्च्या, लोखंडी स्टँडवर स्वरलिपीचे कागद, कोपऱ्यात कोणीतरी विसरलेली छत्री. सासूबाई आपल्या खुर्चीवर होत्या. वाजवत होत्या. मला संगीतातलं काही कळत नाही, पण संचालकांचा चेहरा वाचता येत होता. त्या चेहऱ्यावर 'आराम करा' कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मध्यंतरात त्यांनी मला हाताला धरून पुढे नेलं. "हे आमचे जावई. दात यांनी केलेत."

वाद्यवृंदानं आळीपाळीनं सासूबाईंचे दात पाहिले. ट्यूबा हा भला मोठा पितळी कर्णा वाजवणारे जाडे गृहस्थ मला बाजूला घेऊन आपला डावा जबडा दाखवू लागले.

"आई," मी शेवटी म्हणालो.

"काय?"

सत्य हे कलेहून श्रेष्ठ असतं, आई! माझा आवाज त्या दालनात घुमला आणि सारी वाद्यं

नाही. हा तर लहान असूनही फुगला. असंही होतं कधीकधी. मिश्रणच कच्चं असतं.

मी म्हणालो, "आई, ते दात... ब्रश जरा जपून करा."

बारीक

घरी आलो तोवर बायकोनं आवराआवर केली होती. कुकर घासून पालथा घातलेला होता. दोन्ही पट्ट्या त्याच्या शेजारी, रुमालावर.

मध्यम

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आम्ही सगळे. सासूबाई खुर्चीत आडव्या. डॉक्टरीणबाई त्यांच्या डोक्याशी. बायको साच्याची पिशवी घेऊन भिंतीशी. दादासुद्धा आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. डॉक्टरीणबाईंना पुढच्या सगळ्या पेशंटसाठी असलेच दात हवे होते आणि तसं त्यांनी त्याला फोनवर सांगितलं होतं.

"काही तक्रार?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तशी नाही," सासूबाई म्हणाल्या. "फक्त वरच्या सुरांना डाव्या बाजूनं फुस्स होतं. हवा निसटते."

"डावी बाजू किंचित उचललेली दिसतेय." डॉक्टरीणबाई आरसा आत घालून म्हणाल्या. "आकारात असेल काहीतरी."

आकार म्हटल्यावर सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीशी बायको होती.

मला कारण माहीत होतं. चार दातांचा ब्रिज गरजेपेक्षा जास्त भाजला की तो स्वतःच्याच वजनानं मध्ये खचतो, मांडणीवर पुस्तकं फार झाली की फळी वाकते तसा. आकारात काही नव्हतं.

"आकार हिचाच ना?" सासूबाई म्हणाल्या. "वाटलंच मला. शाळेत चौकोन काढायला सांगितला तरी ही पतंग काढून आणायची."

"आई, मी तीनदा मापं घेतली होती."

"घेतली असतील. बसली का?"

"आई."

"मी कुठे रागावतेय? जावईबापूंचं काम बघ आणि तुझं बघ, एवढंच म्हणतेय. हातात सफाई लागते. ती सगळ्यांना नसते."

"असू दे, असू दे," दादा म्हणाला. माणसं हे नेहमी चुकीच्या वेळी म्हणतात.

"थोडं घासून जमेल," म्हणत डॉक्टरीणबाईंनी ब्रिज उतरवून घासला, पुन्हा टेकवून पाहिला, गालात कापूस ठेवला, आणि काचेच्या पट्टीवर पक्क्या सिमेंटचे दोन भाग एकत्र करून त्या ते घोटू लागल्या. "पण आता हलू नका. हे लवकर आवळतं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला जास्त लागलं. एका शब्दात ती मला उघडं पाडू शकत होती. तिनं साचा पिशवीत ठेवला, पिशवीची चेन ओढली.

"ठीक आहे आई. पुढच्या खेपेला आकार दुसऱ्या कोणाकडून काढून घे. आणि काही सांगायचं असेल तर तेही दुसऱ्या कोणालाच सांग."

आणि ती दाराकडे निघाली. चिरेचा आवाज होत नाही. ती नुसती सरकते.

या एकाला नियम लागू नाही

मी प्रामाणिक झालो असं कृपा करून समजू नका. मला राग आला होता. तो ब्रिज बिघडवायला मी अख्खी दुपार खपलो होतो, जाणूनबुजून, शिकलेल्या माणसाच्या पूर्ण अकलेनिशी बिघडवला होता, आणि तो बिघाड आता चौकोन न येणाऱ्या मुलीच्या नावावर चालला होता. हे काही मला सहन होईना. मी "थांबा!" असं इतक्या जोरात ओरडलो की डॉक्टरीणबाईंच्या हातातला चमचा अर्ध्यातच राहिला, आणि मग मी बोलायला लागलो. आकार बरोबर आहे म्हणालो, मापं तीनदा घेतलीत ती तिन्ही बरोबर आहेत, या ब्रिजमध्ये जेवढं बरोबर आहे तेवढं हिचं आहे आणि जेवढं चकाकतंय तेवढं माझं आहे आणि जेवढं चकाकतंय तेवढंच चुकलंय. वडी वेगळी नव्हती, मीच आकडे वाढवले. का वाढवले, तर उजेडासाठी. उजेड का अडतो, तर कुंपणांशी. कुंपणं कधी कमी होतात, तर कण वाढल्यावर. आणि मग कण वाढल्यावर काय होतं ते मी सांगायला लागलो, तापलेलं रूप आणि थंड रूप, आतलं आणि बाहेरचं, शेजाऱ्यांची दाटी, मातीची चिमूट, ऊब आणि ओल, कुकर, शाई, बटाटेसुद्धा, आणि सबंध आयुष्यात पहिल्यांदा माझं कोणीही मध्येच तोडलं नाही. डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात गुंतलेले होते, सासूबाईंच्या गालात कापूस होता, दादाचं तोंड नुसतंच उघडं होतं, आणि दाराशी पोहोचलेली बायको दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी होती, कारण मी तिचं कौतुक करतोय हे तिला ओळखू यायला वेळ लागला. मी खिशातून दोन्ही पट्ट्या काढून दाखवल्या, ही तक्त्याची, ही माझी, नख फिरवून बघा म्हणालो, आणि आई, तुमचं फुस्स झालं ते माझ्यामुळे, हिचा चौकोन चौकोनच होता, तो मी भट्टीत वाकवला.

मग मला दम लागला.

बारीक

"तक्त्याला हात लावलास?" दादा.

"हो."

"खाली लिहिलंय, 'हात लावू नये'."

"वाचलं होतं."

दादानं इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या. मारायला नाही, त्याला विचार करताना तसं लागतं. "डॉक्टर, पुढच्या पेशंटचं जे बोललो होतो ते विसरा."

बारीक

डॉक्टरीणबाईंनी काचेच्या पट्टीकडे पाहिलं. चमच्यानं टोचून पाहिलं.

"हे आवळलं," त्या म्हणाल्या. "गेलं वाया."

मी बोलत होतो तेवढ्या वेळात सगळं पक्कं सिमेंट काचेवरच दगड झालं होतं. चमचासुद्धा त्यात उभा राहिला.

माझं पाल्हाळ कोणाच्या उपयोगी पडलं ते त्या एकाच दिवशी.

मध्यम

सासूबाईंनी गालातला कापूस स्वतःच काढला.

"म्हणजे हे काढायचे."

"हो, आई."

"आणि ते दुसरे घालायचे. खडूचे."

"हो."

"ते टिकतील?"

"तुमच्या क्लॅरिनेटला टिकतील."

त्यांनी आरसा मागून घेतला. बराच वेळ पाहिलं. मान वळवून पाहिलं. आता मला ओरडतील म्हणून मी खांदे आवळून उभा राहिलो.

"आधी फोटो काढा," त्या म्हणाल्या.

दादानं फोन काढला. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या, केस नीट केले, आणि मग दाराकडे न बघता म्हणाल्या, "तू काय तिथे उभी आहेस? ये इकडे. फोटोत ये."

बायको हलली नाही.

"तुझे चौकोन चांगले यायचे," सासूबाई समोरच्या भिंतीला सांगू लागल्या. "वहीच तिरकी असायची."

बायकोनं दाराची मूठ सोडली.

बारीक

कार्यक्रमात सासूबाई खडूचे दात घालून वाजवत होत्या. वरच्या सुरांना फुस्स झालं नाही. आकार अगदी बरोबर होता, हे बायकोनं मला कोपरानं ढोसून कळवलं.

कार्यक्रमानंतर ट्यूबावाले गृहस्थ म्हणाले, "ते आधीचे फार छान दिसायचे हो."

"दिसायचे," सासूबाई म्हणाल्या. "पण मी काही दातांनी बघायला बसत नाही." मग माझ्याकडे वळून, "पावडरवाले, जरा पाणी आणा."

मी धावत आणलं.

शेवटचा, चाळणीत राहिलेला

चकाकणारा ब्रिज मी ठेवून घेतला. दादानं तक्त्याखालच्या वाक्यात माझा उल्लेख घातला आहे. अधूनमधून बटाटे लावताना मी तो ब्रिज जाळीवर ठेवायचो. मागे एकदा झाकण काढलं तर मधून दोन तुकडे. शाई लावायची गरज पडली नाही.

फोटो सासूबाईंनी मोठा करून घेतला, आणि तो त्यांच्या स्वरलिपीच्या स्टँडमागच्या भिंतीवर आहे. त्यात चारही दात जिवंत आहेत. शेजारी बायको, डोळे अर्धवट मिटलेली, आईच्या खांद्यावर हात. मीसुद्धा आहे. डाव्या कडेला, कोपरापुरता.

बायको म्हणते, तेवढाच मी खरा आलोय.